खान्देशात जास्वंदीचं रंगीत कुंपण: कुठं लावायचं, कधी कापायचं आणि कधी हात आवरायचा

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. गणपतीला तीन आठवडे राहिले होते आणि मला एकदम साफसफाईचा झटका आला. पाहुणे येणार, कुंपण नीट दिसलं पाहिजे, म्हणून मोठी कात्री आणली, दोरी बांधली आणि चाळीस फूट जास्वंद वरून आणि दोन्ही बाजूंनी अशी सपाट केली की लेव्हल पट्टी ठेवली तरी हलायची नाही. आई ओट्यावर बसून बघत होती, म्हणे, "भाऊ, हाई कुंपन शे का खराटा शे?" मी हसण्यावारी नेलं. चतुर्थीच्या सकाळी टोपली घेऊन बाहेर आलो तर एक फूल नाही. दारात सतरा झाडं आणि बाप्पासाठी जास्वंद बाजारातून विकत आणली, तीही कोमेजलेली.

जास्वंदीचं कुंपण लावायचं असेल तर हीच गोष्ट आधी डोक्यात बसवा. जास्वंद कळी धरते ती नव्या फुटीवर, पानाच्या बेचक्यात. शेंडा छाटला की तिथून नवीन फूट येणार, ती वाढणार, मग कळी, मग फूल, आणि या सगळ्याला आपल्याकडे आठ ते दहा आठवडे सहज जातात. मेंदी किंवा डुरंटासारखी दर महिन्याला कात्री मारत बसलात तर हिरवी भिंत मिळेल, फूल एक नाही मिळणार. म्हणून ज्याला काटकोनातलं चकाचक कुंपण पाहिजे त्याने सरळ मेंदी लावावी, माझी काही हरकत नाही. ज्याला थोडी विस्कटलेली पण जवळपास बारा महिने रंगाची भिंत पाहिजे, पुढचं सगळं त्याच्यासाठी.

आणखी एक, हे चोराला अडवणारं कुंपण नाही. काटे नाहीत, लाकूड मऊ, आणि शेळ्यांना जास्वंद म्हणजे लग्नाची पंगत. रस्त्याच्या बाजूने लावणार असाल तर पहिली दोन वर्षं बाहेरून जाळी पाहिजेच. माझ्या ओळखीत एकाने जाळीचे पैसे वाचवले आणि एका दुपारीत अकरा रोपांचे नुसते दांडे उरले, ते पण कुरतडलेले.

रंग निवडताना

नर्सरीत गेलं की डोळे फिरतात. ताटलीएवढी पिवळी फुलं, मधे लाल डोळा, केशरी, जांभळट, दोन-दोन रंगाची. घ्या, पण कुंपणाचा कणा म्हणून नको. ही मोठ्या फुलांची हायब्रीड जास्वंद नाजूक असते, हळू वाढते, आणि एप्रिल-मेमधे आपल्याकडे पारा ४३-४४ च्या पुढे गेला की कळ्या उमलायच्या आधीच गाळून टाकते. कणा पाहिजे आपल्या देशी लाल एकेरीचा, आजीच्या अंगणात होती तीच. तिच्यासारखी दणकट दुसरी नाही. तिच्या जोडीला देशी गुलाबी, पांढरी, आणि डबल पाकळीची लाल. मिरची जास्वंद पण कुंपणाला झकास चालते, ती खरं तर जास्वंदीची चुलत बहीण, फूल उमलतच नाही, मिरचीसारखं मिटलेलंच लोंबतं, पण शिंजीर पक्षी तिच्यावर तुटून पडतात. कातरलेल्या पाकळ्यांची, झुंबरासारखी लोंबणारी एक जात असते, तिच्या फांद्या वाकतात, म्हणून ती कोपऱ्यात एकटी ठेवा, ओळीत घेऊ नका.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे लाल-पिवळी-लाल-पिवळी असं एकाआड एक लावणं. कागदावर छान दिसतं. प्रत्यक्षात लाल दुप्पट वेगाने वाढते आणि दीड वर्षात पिवळी तिच्या सावलीत गुदमरून मरते. मी चार-पाच लाल सलग, मग तीन गुलाबी सलग, मग पुन्हा लाल असे पट्टे केले आणि दोन हायब्रीड पिवळ्या पूर्वेच्या टोकाला, जिथे सकाळचं ऊन मिळतं आणि दुपारनंतर घराची सावली येते. पश्चिमेला फक्त देशी लाल, कारण तिकडून येणारी उन्हाळ्यातली झळ तीच सोसते. दिवसाला पाच-सहा तास ऊन मात्र सगळ्यांनाच लागतं, कडुनिंबाच्या दाट सावलीत पानं येतील, फुलं नाही.

काळी जमीन आणि खड्डा

यूट्यूबवरचे बहुतेक व्हिडिओ सांगतात दीड बाय दीडचा खड्डा घ्या, शेणखत भरा, रोप लावा. लाल मातीत ते बरोबर असेल. आपल्या तापीकाठच्या, गिरणाकाठच्या भारी काळ्या जमिनीत असा खड्डा म्हणजे हौद. पावसाळ्यात चारी बाजूंनी पाणी त्यात उतरतं, निघायला वाट नसते, आणि जास्वंदीची मुळं सडतात. वरून पानं मलूल दिसतात, माणसाला वाटतं पाणी कमी पडतंय, तो अजून पाणी देतो. माझी पहिली सहा रोपं अशीच गेली.

आधी टेस्ट करा. फूटभर खड्डा खणा, संध्याकाळी पाण्याने काठोकाठ भरा, पाणी उतरलं की परत एकदा भरा. सकाळी तळाशी पाणी दिसलं तर खड्डा करायचा विचार सोडा आणि वरंबा करा. वरंबा म्हणजे जमिनीच्या वर नऊ इंच ते एक फूट उंच आणि अडीच फूट रुंद, जसा आपण केळीला किंवा मिरचीला बेड करतो तसाच. त्यात निम्मी जागेवरची काळी माती, पाव हिस्सा लाल मुरूम आणि पाव हिस्सा चांगलं कुजलेलं शेणखत. पांढरा मुरूम चुकूनही नको, त्यात चुनखडी असते आणि आपल्या जमिनीत ती आधीच भरपूर आहे, त्याचं रडगाणं पुढे येतंच. खाली जमीन फावड्याने फक्त खरवडून घ्या म्हणजे मुळं उतरतील.

कंपाउंडच्या भिंतीपासून दोन फूट तरी लांब. भिंत दिवसभर तापते आणि रात्रभर ती ऊब झाडाला देत बसते, शिवाय मागून फवारायला, वाळकी फांदी काढायला माणूस जायला जागा पाहिजे. दोन झाडांत अडीच फूट. चाळीस फुटाला सतरा झाडं लागतात. दीड फुटावर लावून लवकर भिंत भरते खरी, पण नंतर आत हवा खेळत नाही आणि मिलीबगला, म्हणजे पिठ्या ढेकणाला, धर्मशाळा मिळते.

लागवड मृग ते श्रावण. मृगाचा एखादा चांगला पाऊस होऊन जमिनीची वाफ गेली की लावा, श्रावणातला कानबाईचा सण येईपर्यंत रोप धरलेलं असतं. श्रावणानंतरही चालतं. फेब्रुवारी ते मे मात्र नाहीच, कितीही सेल लागू दे.

काडीपासून रोप

देशी जास्वंद विकत घ्यायची गरज नाही. तिला बी जवळपास धरतच नाही, म्हणून पिढ्यान् पिढ्या ती काडीवरच गावोगाव गेली आहे. शास्त्रीय नावात "चीनचा गुलाब" असा अर्थ आहे, लिनियसने १७५३ मधे तसं ठेवलं, पण आपल्या आज्यांना नाव माहीत नसताना काडी लावता येत होती.

काडी पेन्सिलीएवढी जाड निवडा. एकदम हिरवी कोवळी सडते, आणि जुनी राखाडी साल झालेली फुटायला फार वेळ घेते. साल हिरव्याकडून तपकिरीकडे चाललेली असते ती बरोबर. सहा इंच लांब, तीन-चार डोळे (पान फुटतं त्या गाठी) असलेली. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली, तिरका, आणि ब्लेड धारदार पाहिजे, बोथट कात्रीने साल चेचली जाते. खालची पानं काढून टाका, वरची दोन ठेवा आणि तीही अर्धी कापा, म्हणजे पाणी कमी उडतं. सगळ्या कळ्या खुडा, मुळं नसलेल्या काडीला फूल कशाला. रुटिंग पावडर असेल तर टोक बुडवा, नसेल तरी पावसाळ्यात काडी लागते.

पिशवीत निम्मी माती निम्मी वाळू, खाली भोकं, काडीचे दोन डोळे आत गेले पाहिजेत. सावलीत ठेवा, ओल राहू द्या पण चिखल नको. आठवड्याभरात पालवी फुटली की माणूस खूश होतो, पण ती काडीतल्या साठ्यावर फुटलेली असते, मुळं अजून आलेली नसतात. उपसून बघू नका! मी बघायचो. पाच-सहा आठवड्यांनी पिशवीच्या भोकातून पांढरं मूळ डोकावलं की समजायचं. वीस काड्या लावल्या तर माझ्या तेरा-चौदा जगतात, त्या हिशोबाने जास्तीच्या लावा. मोठ्या फुलांच्या हायब्रीडचं काडीवर खात्रीचं नाही, त्या कलमी रोपाच्याच घ्या आणि घेताना कलमाचा जोड मातीच्या वर राहील असं लावा.

पाणी

ठिबक टाका. जळगावच्या लोकांना ठिबकचं महत्त्व काय सांगायचं, पण घराच्या बागेत मात्र आपण सगळे पाइप धरून उभे असतो. सोळा एमएमची नळी वरंब्यावरून, प्रत्येक झाडाला तासाला ४ लिटर देणारे दोन ड्रिपर, बुंध्यापासून वितभर लांब, एक या बाजूला एक त्या बाजूला. मोठ्या झाडाला उन्हाळ्यात रोज तासभर म्हणजे ८ लिटर, पहाटे. हिवाळ्यात दोन-तीन दिवसांआड. पावसाळ्यात बंद, पण उघाड पडली आणि बोटभर माती कोरडी लागली तर चालू करा, कळी भरलेली असताना एकदम ताण बसला तर सगळ्या कळ्या एका दिवसात खाली पडतात.

बोअरचं पाणी जड असतं, ड्रिपरच्या तोंडावर पांढरा थर धरतो, महिन्यातून एकदा उघडून बघत जा. पानांच्या कडा तपकिरी जळाल्यासारख्या दिसल्या तर तो क्षार. आणि हे कोणी सांगत नाही म्हणून सांगतो, कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी झाडांना टाकू नका. दिवसभर पाणी उडून गेल्यावर टाकीत सगळे क्षार घट्ट होऊन बसलेले असतात. आरओच्या वेस्ट पाण्याचंही तेच. एसीचं पाणी खुशाल टाका, ते जवळपास डिस्टिल्डच.

वरंब्यावर आच्छादन हवंच, आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) आधी तीन-चार इंच थर. केळीची वाळलेली पानं रावेर-यावलकडे फुकट मिळतात, ती उत्तम, उसाचं पाचट चालतं, गव्हाचं काड चालतं. फक्त पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीचे वाळके दांडे, नकोत. का ते सांगतो.

कपाशी शेजारीण, जास्वंद सख्खी

जास्वंद, कपाशी, भेंडी, अंबाडी, सगळी एकाच कुळातली. म्हणून कपाशीवर येतं ते बरंचसं जास्वंदीवर येतं: मिलीबग, पांढरी माशी, मावा. खान्देशात घराच्या चारी बाजूंना कपाशी, आणि कपाशी निघाली की पऱ्हाट्यांचे ढीग गावाच्या कडेला, कॉलनीच्या मागे. मिलीबग त्यातच मुक्काम करतो आणि नंतर मुंग्यांच्या खांद्यावर बसून तुमच्या कुंपणावर येतो. जास्वंदीच्या बुंध्यावर मुंग्यांची वर-खाली ये-जा दिसली की समजा वर दुकान लागलंय. मुंग्या त्याचा गोड चिकटा खातात आणि बदल्यात त्याची राखण करतात.

सुरुवातीला शेंड्यावर कापसासारखा ठिपका दिसतो, पानं मुडपतात, शेंडा गुच्छासारखा आखडतो. असा शेंडा तेव्हाच्या तेव्हा तोडून साबणाच्या पाण्याच्या बादलीत बुडवा, खाली टाकू नका आणि शेताच्या बांधावर तर अजिबात नको. बाकी झाडावर पाइपचा जोराचा फवारा मारा, विशेषतः पानाच्या खालून. मग एक लिटर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि एक-दोन मिली लिक्विड साबण, आधी साबण आणि तेल एकत्र हलवून मगच पाण्यात, नाहीतर तेल वर तरंगतं. संध्याकाळी फवारा, दुपारी मारलंत तर पानं भाजतात. आठ दिवसांनी परत, आणखी आठ दिवसांनी परत, कारण अंडी पिशवीत सुरक्षित असतात, एका फवाऱ्यात काही होत नाही. पावसाळ्यात हवेत ओल असते तेव्हा कृषी केंद्रात मिळणारी व्हर्टिसिलियम ही किडींना मारणारी बुरशी, लिटरला ५ ग्रॅम, चांगली चालते.

एक गंमत मात्र नीट बघा. मिलीबगच्या घोळक्यात कधी कधी एक मोठा, झिपऱ्या पांढऱ्या दोऱ्यांचा, भराभर चालणारा किडा दिसतो. मला आधी वाटायचं हाच त्यांचा बाप. तो असतो एका ढालकिड्याची अळी, मिलीबगच खाते ती. मिलीबग आळशी, बसला तिथून हलत नाही, आणि ही पळत असते. पळणाऱ्याला मारू नका, आणि तो दिसला की फवारणी थांबवा.

शेतात उरलेलं कपाशीचं औषध आणून मारायचा मोह सगळ्यांना होतो, घरात डबा असतोच. नका मारू. ही फुलं देवाला जातात, कोणी तेलात उकळतं, छाटलेला पाला शेजारची शेळी खाते.

पिवळी पानं

कुठलं पान पिवळं आहे ते बघा, मग उपाय. खालचं जुनं पान पिवळं होऊन गळतंय, तेही थंडीत, तर काही करू नका. धुळ्याकडे डिसेंबर-जानेवारीत चांगलीच थंडी पडते, जास्वंद कुडकुडते, वाढ थांबवते, होळीपर्यंत सावरते. मार्च-एप्रिलमधे पान फिकट, बारीक ठिपके, खालून बारीक जाळं, तर लाल कोळी, त्याला पाण्याचा फवारा पुरतो.

शेंड्याचं नवीन पान पिवळं आणि शिरा हिरव्यागार, हा खास आपल्या जमिनीचा आजार. लोह जमिनीत असतं पण चुनखडीमुळे झाडाला उचलता येत नाही. अशा वेळी लोक चुलीतली राख टाकतात, पोटॅश मिळतं म्हणून. राख स्वतःच अल्कधर्मी, म्हणजे चुन्याच्याच बाजूची, आपल्या जमिनीत ती म्हणजे तापात गोधडी. कृषी केंद्रात चिलेटेड फेरस, म्हणजे झाडाला उचलता येईल असं लोह, मागा आणि पाकिटावर ईडीडीएचए लिहिलंय का बघा. ईडीटीए वालं स्वस्त असतं पण आपल्या जमिनीत टिकत नाही. झाडाला ५ ग्रॅम पाण्यातून, मुळाशी, लालभडक पाणी होतं, फरशीवर सांडू नका, डाग जात नाही.

खत बाकी साधं. जूनमधे आणि जानेवारीच्या शेवटी झाडाला दोन-तीन किलो शेणखत, आणि फुलाच्या दिवसात पंधरा दिवसांनी १३:००:४५ (पाण्यात विरघळणारं पोटॅशियम नायट्रेट) झाडाला ५ ग्रॅम ठिबकमधून. डीएपी शेतात राहू द्या, जास्तीच्या स्फुरदाने लोहाची बोंब अजून वाढते.

आता कात्री

पहिल्या वर्षी फक्त शेंडा खुडा. रोप फूटभर झालं की अंगठा आणि बोटाने शेंडा मोडा, दीड फुटाला परत. जीवावर येतं, पण खालून फांद्या तेव्हाच फुटतात. न खुडलेलं झाड वर छत्री आणि खाली दांडा असं होतं, आणि मग त्या दांड्यांमधून कुत्री आरामात ये-जा करतात.

दुसऱ्या वर्षापासून मोठी छाटणी एकदाच, संक्रांत होऊन थंडी ओसरायला लागली की, म्हणजे जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारीचा मध्य. तेव्हाही सगळं झाड एकदम नाही. दर तिसरी फांदी घ्या, ती आत हात घालून खालून एक तृतीयांश ठेवून कापा, बाहेर बघणाऱ्या डोळ्याच्या वर. तीन आठवड्यांनी दुसरा हप्ता, मग तिसरा. असं केलं की एक भाग फुटतोय, एक कळीत आहे आणि एक फुलात आहे, कुंपण कधीच बोडकं होत नाही. एक फूल एकच दिवस टिकतं, सकाळी उमललं की संध्याकाळी मिटलं, त्यामुळे रोज नवी कळी तयार असणं हाच सगळा खेळ. उंची चार-साडेचार फूट ठेवा, आणि बुडाला रुंद, वर थोडं अरुंद, म्हणजे खालच्या फांद्यांना ऊन मिळतं. मोठी कात्री कोणाला तरी देऊन टाका, हातातलं सिकेटर, म्हणजे एका हाताने चालवायची छोटी कात्री, पुरतं.

गणपतीला फुलं पाहिजेत तर मृग लागल्यावर हलका हात फिरवा आणि जूनच्या मध्यानंतर सिकेटर कपाटात. फांदी रस्त्यावर आली, शेजारच्यांनी तोंड वाकडं केलं, तरी बाप्पा विसर्जन होईपर्यंत नाही. मागच्या वर्षी मी हे पाळलं, चतुर्थीच्या सकाळी दोन टोपल्या भरल्या, आणि त्याआधीच कॉलनीतल्या मॉर्निंग वॉकवाल्यांनी आकड्याची काठी लावून रस्त्याकडची सगळी बाजू साफ केली होती ती वेगळीच.

छाटलेल्या फांद्या टाकायच्या नाहीत, पेन्सिल जाडीच्या बाजूला काढा, मृगात मागणारे रांगेत असतात. मी आता देताना एकच अट घालतो, ओलं फडकं घेऊन या. चाळीस डिग्रीत काडी गाडीच्या हँडलला लटकवून पारोळ्यापर्यंत नेली की साल सुकते, आणि महिन्याभराने फोन येतो की भो, तुझी काडी लागलीच नाही.